एटीव्हीचा ताप: काटा काय सांगतो आणि केव्हा गप्प बसतो

सुट्ट्यांचा हंगाम संपला की एटीव्हीवाल्यांचे, म्हणजे वाळू-चिखलात चालणाऱ्या चारचाकी उघड्या गाड्या बाळगणाऱ्यांचे, प्रश्न येऊ लागतात, आणि त्यात निम्मे तरी ‘गाडी गरम होते’ यावरचेच असतात. यंदाही तसंच झालंय. काही निवडक प्रश्न घेतो.

नागावच्या किनाऱ्यावर आमच्या चार एटीव्ही पर्यटकांसाठी चालतात. दोघींना रेडिएटर आहे, पण तापमानाचा काटा नाही, नुसता लाल दिवा आहे. दिवा लागला की गाडी सावलीत उभी करतो. एवढं पुरतं का?

नाही पुरत. कूलंटवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवावर, चालणारं बहुतेक इंजिन ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान खूश असतं. पंच्याण्णवच्या आसपास फॅन सुरू होतो आणि लाल दिवा लागतो तो साधारण १०५च्या पुढे. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात ते दिलेले असतात. म्हणजे फॅन आणि दिवा यांच्यात मोजून दहाएक अंशांची जागा. फॅन बंद पडलेला असेल तर मऊ वाळूत ती जागा बघता बघता संपते, आणि गाडीवर बसलेला मुंबईचा पाहुणा दिव्याकडे कशाला बघेल? तो मोबाइलकडे बघत असतो.

त्यातून किनारा हे इंजिनाला सगळ्यात वाईट ठिकाण. वाळू चाकं ओढून धरते, वेग जेमतेम, त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा असा मिळतच नाही. वारं पाठीमागून असेल तर तोही गेला. सगळी भिस्त फॅनवर. म्हणून सकाळी पहिली फेरी सोडण्याआधी गाडी जागेवर चालू ठेवा आणि फॅन खरोखर फिरतोय हे कानाने ऐका. बंद असेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग फॅनला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघा.

काटा किंवा डिजिटल मीटर बाहेरून बसवता येतो. वरच्या होज पाइपमध्ये, म्हणजे इंजिनातून गरम पाणी रेडिएटरकडे जातं तिथे, एक छोटा धातूचा जोड घालून त्यात सेन्सर बसवतात. खालच्या पाइपात बसवू नका, तिथे गार होऊन परतलेलं पाणी मोजलं जातं आणि उगाच निश्चिंत वाटतं. एकच वायर असलेला सेन्सर असेल तर त्याला अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट परतायची वाट) धातूतूनच मिळतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना रबरी पाइप, मग अर्थ येणार कुठून? जोडाला वेगळी अर्थची वायर द्यावी लागते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे घालणारेही पुष्कळ आहेत, त्यानेही अर्थ कच्चा होतो. या सेन्सरचा रेझिस्टन्स तापल्यावर कमी होतो, गार असताना जास्त असतो. एका प्रचलित जातीत तो २० अंशांना अडीच हजार ओहम, तर १०० अंशांना दोनशेच्याही खाली असतो. अर्थ कच्चा झाला की रेझिस्टन्स वाढतो आणि मीटरला वाटतं इंजिन गार आहे. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते.

आणि खारट वाळू. रोज संध्याकाळी रेडिएटर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरने नको, जाळीची पातळ पाती मिटतात. साध्या पाइपने, फॅनच्या बाजूने बाहेर, म्हणजे वारा आत शिरतो त्याच्या उलट दिशेने.

पाचगणीला आमचं रिसॉर्ट आहे. उंचावर पाणी लवकर उकळतं म्हणतात. मग इथे गाडीही लवकर उकळेल ना? आणि कूलंट महाग म्हणून बोअरचं पाणी घातलं तर?

पाणी लवकर उकळतं हे खरं. उंची दर ३०० मीटर वाढली की उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणजे पाचगणीला तो ९६ अंशांच्या आसपास. पण तुमच्या स्वयंपाकघरात डाळ शिजायची राहते का? कुकर आहे ना. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच, आणि गंमत अशी की दोघांचा दाबही जवळपास सारखाच, दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आगेमागे. त्या दाबाखाली निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण पाचगणीलाही १२० अंशांच्या वरच उकळतं.

तुमची काळजी झाकणाच्या रबराची असायला हवी. ते रबर कडक झालं, चिरलं, की दाब धरत नाही आणि काटा १००वर असतानाच गाडी कूलंटच्या टाकीतून पाणी फेकू लागते. मग लोक वॉटर पंप बदलतात, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) बदलतात, आणि शेवटी कोणीतरी झाकण बदलतं. ते आधी बदलावं. अर्थात गाडी गार असताना. गरम झाकण उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं.

बोअरचं पाणी नको. गिझरच्या कॉइलवर जमतो तो पांढरा थर आठवा, तोच इंजिनात बसतो. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्या.

काटा शेवटपर्यंत नॉर्मल होता, तरी इंजिन जाम झालं. गॅरेजवाला म्हणतो पाणीच नव्हतं. मग काट्याने का दाखवलं नाही?

कारण काटा इंजिनाचं तापमान दाखवत नाही. तो सेन्सरच्या टोकाला जे लागेल त्याचं दाखवतो. तिथे पाणी असेल तर पाण्याचं. पाइप फुटून पाणी गेलं की टोक हवेत लोंबतं, आणि हवा त्याला पाण्यासारखी झटकन उष्णता देत नाही. आतलं हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, भाजत असतं आणि काटा ८०वर शांत.

उमेदवारीच्या दिवसांत मी स्वतः हे केलंय. चढावर काटा ९८ दाखवत होता, अचानक सत्तरला आला. मला वाटलं, वा, थर्मोस्टॅट नीट उघडला! अजून दोन वळणं गाडी रेटली. हेड वाकलं, मालकाने जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

तेव्हापासून चढत्या काट्याइतकाच अचानक पडणारा काटाही मला संशयित वाटतो. भार तोच, वेग तोच, आणि काटा झपकन खाली? थांबा, इंजिन बंद करा, खाली वाकून बघा. उलट, काटा हळूहळू चढतोय, फॅन चालू आहे, वाफ नाही, कुठे गळत नाही, अशा वेळी इंजिन लगेच बंद करण्यापेक्षा न्यूट्रलमध्ये दोन मिनिटं चालू ठेवलेलं बरं. पंप फिरत राहतो. तरीही चढत राहिला तर बंद करा.

आणि गार गाडीत कूलंटची पातळी रोज बघा. टाकीत नुसतं बघून भागत नाही, आठवड्यातून एकदा रेडिएटरचं झाकण काढून आतही बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

इन्फ्रारेड गन घेतली. गाडीचा मीटर ९२ दाखवतो, गन रेडिएटरच्या वरच्या टोकाला ६० दाखवते. कुणाचं खरं?

मीटरचं असण्याची शक्यता जास्त. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता गनला नीट दाखवत नाही, आजूबाजूचीच परत फेकतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, गन जवळ धरून टेपवर मारा. आकडे बऱ्यापैकी जुळतील. रेडिएटरवर इथे-तिथे मारून एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्यात असं समजा. माझ्या मते गनचा खरा उपयोग हाच.

मी कॅनडात अल्बर्टाला असतो. एटीव्हीला पुढे फाळ लावून बर्फ काढतो. उणे वीसमध्ये तापमान ५०च्या वर चढतच नाही. चांगलंच आहे ना?

चांगलं नाही. इतकं गार इंजिन जास्त पेट्रोल पितं, आणि जळण्यातून होणारी पाण्याची वाफ ऑइलमध्ये साठते. ऑइल दुधाळ दिसू लागलं की हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं म्हणून घाबरू नका, आधी हे तपासा. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का ते बघायचं सोपं आहे: गार इंजिन सुरू करून वरच्या होज पाइपला हात लावा. तो बराच वेळ गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बदला. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावणं हा त्यावरचा इलाज नाही.

कूलंट घालताना ‘जास्त घट्ट तेवढं बरं’ हा हिशोब मात्र चुकतो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७पर्यंत टिकतं, पण नुसतं इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य घटक, उणे १३च्या आसपासच गोठतं. आणि घरात कुत्रा असेल तर सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोड, पण जीव घेणारं विष आहे ते.

गाडी बंद केल्यावर मीटर सहा-सात अंश वर जातो, फॅनही फिरत राहतो. बिघाड आहे का?

नाही. पंप थांबला, पण हेडमधली उष्णता पाण्यात उतरतच असते. बॅटरी उतरेल म्हणून घाबरू नका, फॅन आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या.

मुलासाठी ११० सीसीची छोटी एटीव्ही घेतली. कूलंट कुठे घालायचं?

कुठेच नाही. ती हवेवर गार होते. सिलिंडरच्या पात्यांमधला चिखल खरवडून काढा, ऑइल वेळेवर बदला, आणि एका जागी उभी ठेवून पोराला ॲक्सिलरेटर पिळू देऊ नका.