दाह म्हणजे सूज नव्हे

प्रश्न (जळगावहून): 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर शरीरात दाह वाढवतो, असे वाचले. दाह म्हणजे सूजच ना? आणि सूज हा शब्द शोथवरून आला का?'

दोन्हींचे उत्तर 'नाही'. 'गुडघ्याला दाह आला' असली वाक्ये आरोग्य-पुरवण्यांत वाचून वैताग येतो. दाह येत नाही, होतो. आणि ज्याला होतो त्यालाच कळतो. सूज बघणाऱ्यालाही दिसते. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर मिरचीचे देठ खुडले की संध्याकाळी बोटांची नुसती आग आग होते, बोटे मात्र फारशी फुगत नाहीत. तो दाह. (पाण्याने तो जात नाही, कारण मिरचीतले कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळावे, मग साबण लावावा.) मूत्रपिंडाच्या विकारात पायावर बोट दाबले की खळगा पडतो, सावकाश भरतो आणि दुखत काहीच नाही. ती सूज. दुखणे, फुगणे, लाली आणि ऊब एकत्र आली की शोथ. मराठी विश्वकोशाने 'दाहयुक्त सूज' असे दोन्ही शब्द ठेवले होते. पुढच्या लोकांनी आळसाने एक गाळला आणि घोळ करून ठेवला.

आता व्युत्पत्ती. शोथचे झिजून सूज झाले असे बिनदिक्कत सांगणाऱ्यांनी एकदा प्राकृताचे नियम पाहावेत. स्वरांमधल्या थ चा तिथे ह होतो: कथा–कहा, गाथा–गाहा. शोथचे फार तर 'सोह' झाले असते. ज कुठून आणणार? शोथ आणि सूज या मायलेकी नव्हेत, बहिणी आहेत, आणि दोघींचे मूळ 'श्वि' धातूत आहे. त्याचे एक रूप 'शूयते'. दीयते–दिज्जइ–दीजे, क्रियते–किज्जइ–कीजे, त्याच वळणाने शूयते–सुज्जइ–सुजे (संस्कृत–प्राकृत–मराठी). मधली पायरी दीजे-कीजेच्या साच्यावर बसवलेली आहे हे खरे, पण जुनी मराठी ज्याच्या कानात आहे त्याला ती खटकू नये. अहिराणीत 'पाय सुजना' म्हणतात, त्यातही तोच ज. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा बारावा अध्याय श्वयथूवर, म्हणजे सुजेवर, आहे, तो शब्दही याच धातूचा. 'शून' म्हणजे फुगलेला, आणि त्यावरूनच शून्य! फुगलेले, म्हणून आत पोकळ.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'श्वि'चा अर्थ दिला आहे 'गतिवृद्ध्योः': जाणे आणि वाढणे. शोथात दोन्ही घडते. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून निघून ऊतीत जातात आणि ऊती फुगते. एवढे नेमके वर्णन दोन शब्दांत क्वचितच सापडेल.

राहिला एनजीएफ, म्हणजे प्रश्नातला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. हे प्रथिन शोधणाऱ्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. नाव चेतातंतूंचे, पण १९७७ मध्ये लेव्ही-मोंताल्चिनी आणि लुइजी आलोए यांनी ते उंदरांच्या नवजात पिल्लांना टोचले तेव्हा मास्ट पेशींची, म्हणजे ऊतीत हिस्टामिन साठवून बसलेल्या पेशींची, संख्या वाढली. या पेशींवर ट्रकए नावाचा ग्राहक (रिसेप्टर, संदेश पकडणारा रेणू) असतो. एनजीएफ त्याला चिकटला की पेशीतले कण फुटून हिस्टामिन बाहेर पडते, केशवाहिन्या पाझरतात, ऊतीत पाणी साचते. ही सूज. मास्ट पेशी स्वतःही एनजीएफ सोडतात, त्यामुळे चक्र सुरूच राहते.

वेदनावाहक तंतूच्या टोकावरही तोच ट्रकए असतो. तिथे एनजीएफ लागला की टीआरपीव्ही-१ हे तंतूच्या आवरणातले द्वार हळवे होते. हेच द्वार मिरचीनेही उघडते. एरवी ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडते. हळवे झाले की त्याहून कमी उष्णतेलाही उघडते, आणि कोमट पाणीसुद्धा पोळते. हा दाह. मग तंतू सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही संदेशवाहक द्रव्ये सोडतो, रक्तवाहिन्या रुंदावतात, मास्ट पेशी पुन्हा चेततात.

म्हणजे 'एनजीएफ दाह वाढवतो' हे वाक्य दाहाच्या जुन्या, खऱ्या अर्थाने चोख आहे. लिहिणाऱ्याच्या मनात शोथ असेल तर मात्र ते अर्धेच खरे, कारण मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत ट्रकएमार्फत एनजीएफ शोथकारक संदेश उलट आवरतो.

याच कारणासाठी टॅनेझुमॅबला 'दाहशामक' म्हणताना जपून. हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) एनजीएफला अडवते. गुडघ्याचे दुखणे त्याने कमी झाले, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले, आणि २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मतांनी कौल विरोधात दिला. त्याला वेदनाशामक म्हणा. शोथहारी तर मुळीच म्हणू नका.