गाडी घे, पण उघडून ठेवू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज आणि सोबतची यादी दोन्ही वाचलं. 2008 ची टाटा 407 टेम्पो, दहा फुटी बंद बॉडी, घरसामान हलवणाऱ्याकडची, मागणी पावणेदोन लाख. बाबा म्हणतात फ्लॅटच्या पैशाला हात लावू नकोस. मित्रांना आत गाद्या टाकून हिमाचलला जायचंय. भोसरीचा मिस्त्री म्हणतो इंजिन पुरतं खोलल्याशिवाय जुन्या गाडीत अर्थ नाही. आणि तू मला विचारतेस, काका, हा वेडेपणा आहे का?

त्या प्रश्नावर मी शाई घालवणार नाही. डिप्लोमाच्या सुट्टीत माझ्या शेडमध्ये तू रोज यायचीस, ती काही वेळ जात नाही म्हणून नव्हे. तुला गाडी हवी आहे हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मला घोर लागलाय तो तुझ्या यादीचा. पहिल्या महिन्यात इंजिन खाली, गिअरबॉक्स खाली, बॉडी चासीवरून उचलायची, चासी घासून रंगवायची, वायरिंग मुळापासून नवं. कागदावर फार छान दिसतं. पोरी, यातलं काहीही असं एकदम करायचं नाही. गाडी चालती घे आणि चालती ठेव. एका वेळी एकच काम उघड, ते पूर्ण मिटव, गाडी चार दिवस फिरव, मगच दुसऱ्याला हात घाल. रात्री शेडला कुलूप लावताना गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडू शकली पाहिजे. एखाद्या कामाला दोन-तीन दिवस लागले तर लागू देत, पण त्या दिवसांत दुसरा एक नटही सैल करायचा नाही.

हे मी कुठून शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. माझ्या वडिलांची टाटा 1210 होती. कोल्हापूरहून गूळ घेऊन मुंबईला जायची, येताना मिळेल तो माल. एका उन्हाळ्यात तिची क्लच प्लेट घसरायला लागली. काम तेवढंच होतं. पण मिस्त्री म्हणाला, गिअरबॉक्स उतरवतोच आहोत तर इंजिनही करून घेऊ. इंजिन उतरलं तसं कोणी म्हणालं, केबिन रिकामीच आहे, पत्रा करून घ्या. इंजिन उद्यमनगरात एका शेडमध्ये, गिअरबॉक्स दुसऱ्याकडे, केबिन रंगाऱ्याकडे. गाडी बंद म्हणजे भाडं बंद, आणि भाडं बंद म्हणजे कामाचे पैसे बंद. मग पाऊस लागला. डिझेल पंप कोणाकडे दिला होता याचा पत्ता लागेना. पुढे इंजिन एका गुऱ्हाळवाल्याने नेलं आणि चासी वजनावर गेली. धडधाकट गाडी होती ती, फक्त क्लच प्लेट गेली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो, हे काय चाललंय ते मला दिसत होतं, पण वडील आणि मिस्त्री बोलत असताना मध्ये तोंड घालायची आमच्या घरात रीत नव्हती. ते गप्प बसणं मला आजही सलतं. म्हणून तुझ्या बाबतीत मी गप्प बसणार नाही, तुला राग आला तरी चालेल.

आता गाडीविषयी. निवड तू चांगली केली आहेस. 1986 मध्ये टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, 407 आणली तेव्हा आयशर-मित्सुबिशी, स्वराज माझदा, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान असे जपानी हात धरलेले सगळे समोर उभे होते. त्यातून ही टिकली आणि गावोगाव पसरली, म्हणून आज तिचं सामान पुण्यात नाना पेठेत मिळतं तसं इथे तालुक्याच्या दुकानातही मिळतं. 497 इंजिन, 2956 सीसी, मेकॅनिकल डिझेल पंप. कुठल्याही हायवेच्या कडेला ते समजणारा माणूस भेटतो. प्रोजेक्टला गाडी निवडताना लोक रूप बघतात. सामान किती लांब मिळतं ते बघायला हवं. जिचं सामान मागवून दीड महिना वाट बघावी लागते ती गाडी तू कितीही ठरवलंस तरी चालती ठेवू शकत नाहीस.

घरसामानाची गाडी आहे ही दुसरी जमेची बाजू, आणि ही तुझ्या मिस्त्रीने सांगायला हवी होती. कपाटं, गाद्या, फ्रीज जागा खातात, वजन करत नाहीत. वीट-वाळू वाहिलेल्या 407 चे स्प्रिंगचे पाटे बसलेले असतात, चासीला शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या झुलत्या जोडाच्या, ब्रॅकेटपाशी तडे असतात. ही त्यातून बहुधा वाचलेली असेल. हिचं दुखणं वेगळं. पेठांतल्या बोळांत आणि सोसायट्यांच्या रॅम्पवर पुढे-मागे करून क्लच संपलेला असणार. बॉडीचे वरचे कोपरे झाडांच्या फांद्यांना घासून उघडे पडलेले असणार, तिथून पावसाचं पाणी आत येतं आणि फळीच्या खाली जाऊन बसतं. चासी आणि बॉडी यांच्या मध्ये लाकडी पट्ट्या असतात, त्या पाणी धरून ठेवतात आणि खालचा लोखंडी पृष्ठभाग गुपचूप खातात. टॉर्च घेऊन खाली झोप. यू-बोल्टच्या आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरने टोच. पापुद्रे निघाले तर चालेल, टोक आत गेलं तर उठून घरी ये. चासीवर कुठेही वेल्डिंगची पट्टी दिसली तरी घरी ये. इंजिन करता येतं, गिअरबॉक्स करता येतो, वाकलेल्या किंवा जोडलेल्या चासीवर तू वर्षं घालवशील आणि गाडी सरळ धावणार नाही.

रंग नवा असेल तर खूश होऊ नकोस. विकायच्या आधी रंग कशाला लावतात हे मी तुला सांगायला नको.

बाकी तपासणी तुला येते. सकाळी थंड इंजिनवर सुरू करायची, तेल भरायचं झाकण काढून किती वाफ मारते ते बघायचं, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघायचं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच, आठवडा आणि वर्ष कळतं. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर फुटतो.

आणि कागद. इथे मी कठोर होतो, कारण कागद मेले की गाडी बंद, आणि बंद गाडीबद्दल माझं मत तुला आता पाठ झालं असेल. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठ वर्षांनंतर दरवर्षी असतं. पासिंग संपलं की कायद्याने तिची नोंदणीही वैध धरत नाहीत. 15 वर्षांवरच्या गाड्यांची पासिंगची फी 2022 पासून वाढलेली आहे. वर पर्यावरण कर. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 16 हजारांच्या घरात जातो. पर्मिटची सूट 3,000 किलोपर्यंतच्या गाड्यांना आहे, 407 त्यात बसत नाही, म्हणजे पर्मिटही आलं. गाडी उभी असो की पळती, हा खर्च चुकत नाही. म्हणून विकणाऱ्याने “पासिंग नंतर करून घ्या, किंमत कमी करतो” म्हटलं तर मोहात पडू नकोस. पासिंग त्याला करू दे, त्याच्या खर्चाने, मग पैसे. पास होऊन आलेली गाडी म्हणजे निदान ब्रेक, दिवे आणि धूर कोणीतरी पाहिलेली गाडी. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन उपयोग नाही. सगळी चलानं त्याने भरायची.

लायसन्सची काळजी सोड. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिलाय, 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी तुझ्या साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालते. आरसीवरचं सकल वजन, म्हणजे मालासकट गाडीचं कमाल वजन, मात्र डोळ्यांनी बघ.

हिमाचलवाल्या मित्रांना माझ्यातर्फे नाही सांग. आरसीवर मालवाहू लिहिलेल्या गाडीत पलंग आणि ओटा ठोकून बसवायचा म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. चालत्या गाडीत मागे माणसं बसवणं तर गुन्हा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. कॅम्पिंगच्या गाडीचे नियम वेगळे आहेत, ते पाळून करायचं असेल तर कर, पण पहिलं एक वर्ष आत काहीही ठोकू नकोस. वर्षभर ती आहे तशी चालव.

काय काम द्यायचं ते तुझ्याच मेसेजच्या शेवटी आहे, आणि तू ते ओझरतं लिहून पुढे गेलीस! तुमच्या नाटकाच्या ग्रुपचा सेट दर प्रयोगाला भाड्याच्या टेम्पोने जातो, टेम्पोवाला उशिरा येतो, सेटच्या लेव्हल्स (लाकडी चौथरे) आणि फ्लॅट्स (खोट्या भिंती) मोडतात. हे काम आहे. बंद बॉडी, हलकं पण जागा खाणारं सामान, ठरलेल्या तारखा. प्रयोगाची तारीख पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे तूही गाडी उघडून ठेवू शकणार नाहीस. तारखेचा धाक असलेलं काम जुन्या गाडीला लागतंच. छंदाची गाडी “पुढच्या रविवारी” वर जगते, आणि पुढचा रविवार म्हणजे काय ते मी आमच्या शेडच्या मागे गवतात उभ्या असलेल्या लोकांच्या गाड्यांवरून सांगू शकतो. एकूण एक गाडी चालत आली होती.

माझ्या 407 वरून घरात अजून बोलतात. परवा मेहुण्याच्या मुलाने माझ्यासमोर हिशेब मांडला, काका, एवढ्यात नवी आली असती. आली असती. मी त्याला 2019 चा ऑगस्ट विचारला. पंचगंगा चढत होती, शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली जायचा होता, आंबेवाडीतून लोक मिळेल त्या वाहनाने सामान काढत होते. त्या रात्री माझी गाडी किती फेऱ्या करून आली ते मी मोजलं नाही. दाण्याची पोती, शिलाई मशीन, देव्हारे, एका म्हाताऱ्या बाईंची लोखंडी पेटी. तिचं तेव्हा बरंच काही करायचं बाकी होतं, पत्रा सडला होता, दुसरा गिअर खरखरत होता. पण उघडं काही नव्हतं. किल्ली फिरवली आणि निघाली. वडिलांच्या 1210 सारखी ती तीन शेडमध्ये वाटलेली असती तर? हे मी घरच्यांना कितीदा सांगितलं, त्यांना ते हिशेबात धरता येत नाही. मी धरतो. माझ्या मते गाडीवर घातलेला पैसा तिच्या तयार असण्यासाठी असतो, चकचकीत दिसण्यासाठी नाही, आणि या मुद्द्यावर मी कोणाचं ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही.

तुझ्या बाबांचं मात्र ऐक. फ्लॅटच्या पैशाला खरंच हात लावू नकोस. गाडीच्या किमतीएवढीच रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी जमली असेल तर घे, नसेल तर थांब. ही गाडी गेली तर दुसरी मिळेल, महाराष्ट्रात 407 ला तोटा नाही. उभी करायला सोसायटी परवानगी देणार नाही, एमआयडीसीत कोणाच्या आवारात भाड्याने जागा बघ, आणि जागा ठरल्यावरच सौदा कर.

घेतलीसच तर क्रम माझ्याकडून घे. आधी ब्रेक. व्हॅक्यूमच्या जोरावरचे हायड्रॉलिक ब्रेक आहेत, इंजिन बंद पडलं की पेडल दगड होतं, म्हणून व्हॅक्यूमचे पाइप आणि सिलिंडरचे रबर पहिल्या आठवड्यात. एक चाक उघड, जोड, मग दुसरं. मग टायर. मग पाण्याचे पाइप आणि बेल्ट. मग वायरिंग, तेही एकेक सर्किट, सगळा गुंता एकदम कापायचा नाही. क्लच घसरेल तेव्हा क्लच, आणि गिअरबॉक्स उतरला म्हणून इंजिनला हात लावायचा नाही! मिस्त्री आग्रह करेल. तेव्हा मला फोन लाव, मी बोलतो त्याच्याशी. इंजिन तेल खात नसेल, धूर मारत नसेल तर त्याला कशाला उघडतेस? रंग सगळ्यात शेवटी, आणि नाही दिलास तरी चालेल.

रविवारी जाणार आहेस ना? मालकाला आदल्या रात्री सांग की सकाळी गाडी सुरू करून ठेवू नको. तरी पोचल्यावर आधी बॉनेट उघडून इंजिनला हात लावून बघ. कोमट लागलं तर त्या दिवशी बघूच नकोस, परत ये. टोकन मागतील, देऊ नकोस. आरसीचा फोटो मला आजच पाठव, सकल वजन आणि बोजाचा रकाना नीट वाचता येईल असा, आणि चासी नंबर गाडीवर कोरलेला आहे त्याचाही.

तुझा,
काका