फ्रीझरमधले जेवण, शिळे की सोयीचे?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त भुसावळला एकटा राहतो. रात्रपाळीहून परतल्यावर स्वयंपाक करण्याचे त्राण उरत नाही, त्यामुळे फ्रोझन पराठे, मटार आणि बटाट्याच्या टिक्क्या यांवर माझे जेवण होते. ते स्वस्त पडते आणि आवडतेही. गावाहून आई आली की मात्र ‘शिळे खातोस’ म्हणून हळहळते. हे अन्न खरोखरच शिळे असते का? शिवाय माझे पराठे वरचेवर चिवट होतात, ते कशाने?

उत्तर : आपल्या आई उन्हाळ्यात बिबड्या आणि कुरडया घालत असतील, तर हे अन्न शिळे नसते, हे त्यांना पटवणे सोपे आहे. वाळवणात पाणी उन्हाने काढून घेतले जाते आणि फ्रीझरमध्ये तेच पाणी गोठवून जंतूंच्या हाती लागू दिले जात नाही, म्हणजे टिकवण्याचे तत्त्व एकच आहे. मात्र लक्षात ठेवावे, की गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. एकदा वितळले की ते पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे वितळलेले अन्न पुन्हा गोठवून ठेवू नये.

असे अन्न उणे १८ अंशांवर ठेवायचे असते. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा सहसा इतका थंड राहत नाही, तेव्हा आपला फ्रिज तसा असेल तर महिन्याचा साठा करण्याऐवजी आठवड्यापुरतेच आणावे. खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो, म्हणून ही खरेदी सर्वांत शेवटी करावी आणि पाकीट जाड वर्तमानपत्रात गुंडाळून थेट घर गाठावे. मटारचे पाकीट हलवून पाहावे. दाणे खडखड वाजले तर ठीक, एकच ढेकूळ हाताला लागले तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठले असण्याचा संभव असतो.

आता पराठ्याविषयी. आपण तो आधी बाहेर काढून मऊ होऊ देत असावात, कारण चिवटपणा बहुधा तिथूनच येतो. पाकिटातून निघालेला कडक पराठा तसाच तापलेल्या तव्यावर टाकावा, आच मध्यम ठेवावी आणि कणकेत तेल-तूप असतेच, म्हणून पहिली बाजू उलटेपर्यंत तेल सोडू नये. थरांचा पराठा असेल तर उतरवल्यावर स्वच्छ फडक्यात धरून दोन्ही हातांनी कडेने चुरगळावा, म्हणजे पापुद्रे सुटतात.

मिठाकडे मात्र लक्ष असू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि पाकिटावर ते बहुधा सोडियम या नावाने छापलेले असते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. टिक्की आधीच खारट असेल, तर सोबत ठेचा आणि लोणचे दोन्ही घेऊ नयेत, त्याऐवजी दही, कांद्याची पात किंवा काकडी घ्यावी. आणि हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा गर गावाहून आला, तर तो फोडणीआधी एकेका जेवणापुरता छोट्या डब्यांत गोठवून ठेवावा. पात मात्र ताजीच चिरावी.