पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबण्याआधी एवढं करा

हॅम (हौशी) रेडिओच्या नव्या वॉकीटॉकीवर भरवसा ठेवू नका; बरेच स्वस्त सेट परवान्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवरही बिनतक्रार बोलतात. नुसते ऐकायचे चॅनेल चर्पमध्ये (सेटमध्ये चॅनेल भरायच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) भरताना डुप्लेक्सच्या रकान्यात 'ऑफ' निवडा, म्हणजे तिथून काही प्रक्षेपित होणार नाही. खरी फसगत रिपीटरच्या (तुमचा सिग्नल घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राच्या) शिफ्टमध्ये, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकात होते. परवाना 144 ते 146 मेगाहर्ट्झचा, ऐकताय 145.700 वर आणि उणेऐवजी अधिक 600 किलोहर्ट्झ लागलं, तर तुम्ही थेट 146.300 वर! बँडच्या (परवान्यातल्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याच्या) अगदी कडेलाही बोलू नका, एफएम सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतो. ड्युअल वॉच (दोन चॅनेलवर आलटूनपालटून कान ठेवणारी सोय) बंदच ठेवा. काही सेटवर दुसऱ्या चॅनेलवर आवाज आला की तुमचं बोलणंही तिकडेच जातं (माझ्या मते सोय कमी, ताप जास्त). चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून कीपॅड लॉक तर हवाच.