अंधारातही पल्स का येतात?

प्रश्न : १ चौरस मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपणारा सेन्सर) काळ्या डबीत बंद केला, तरी सेकंदाला जवळपास १ लाख पल्स (विजेचे क्षणिक ठोके) मिळतात. डबीत प्रकाश शिरतोय की सेन्सरच खराब आहे?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. खोलीच्या तापमानाला या आकाराच्या सेन्सरकडून इतके पल्स येऊ शकतात. त्यातली प्रत्येक पेशी (प्रकाश टिपणारा सूक्ष्म घटक) ब्रेकडाउन व्होल्टेजच्या, म्हणजे ज्याच्यापुढे इलेक्ट्रॉनचा लोंढा उसळू शकतो त्या व्होल्टेजच्या, काही व्होल्ट वर ठेवलेली असते, त्यामुळे एक सुटा इलेक्ट्रॉनही लोंढा सुरू करतो. तो फोटॉनने सुटला की उष्णतेने, हे पल्सच्या उंचीवरून कळत नाही.

खात्री करायची तर सेन्सर १० अंशांनी थंड करा. उष्णतेचे पल्स साधारण निम्मे होतील; गळक्या प्रकाशाचे फारसे हलणार नाहीत. फसगत होते ती इथे : तापमान उतरलं की ब्रेकडाउन व्होल्टेजही अंशामागे काही दशक मिलिव्होल्ट खाली येतं. पुरवठा तेवढाच ठेवलात, तर ब्रेकडाउनच्या वरचं जादा व्होल्टेज वाढतं आणि थंड केल्याचा फायदा काही अंशी वाया जातो. पुरवठाही त्याच हिशेबाने उतरवा. सेन्सरच्या काचेवर दव धरत नाही ना, तेही पाहा. डबीचं म्हणाल, तर काही काळी प्लास्टिकं डोळ्यांना अपारदर्शक असली तरी अवरक्त प्रकाश सोडतात आणि सिलिकॉनला तो सुमारे १.१ मायक्रॉनपर्यंत दिसतो. फटींवर अॅल्युमिनियमची पट्टी बरी.

तुम्हाला मोजायचा प्रकाश सलग न येता स्पंदांमध्ये (ठरावीक वेळच्या झोतांत) येत असेल, तर थंड करण्याच्या खटपटीपेक्षा वेळेची खिडकी लावणं, म्हणजे तेवढ्याच वेळात मोजणं, कितीतरी सोपं. प्रत्येक स्पंदाबरोबर फक्त २० नॅनोसेकंद मोजलं, तर सेकंदाला १ लाख या दरानेही सरासरी ५०० खिडक्यांत एकच खोटा पल्स पडतो.

प्रश्न : मग मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटॉन मोजता येतील का?

उत्तर : सहसा नाही. तिथे लोंढा नसतो; एका फोटॉनमागे फार तर एक इलेक्ट्रॉन, आणि वाचनातला गोंगाट (इलेक्ट्रॉन मोजताना सर्किटमुळे होणारी चूक) बहुधा त्याच्याच बरोबरीचा. शून्य आणि एक वेगळे ओळखायला तो सुमारे ०.३ इलेक्ट्रॉनच्या खाली हवा, ०.१५ला फरक स्वच्छ दिसतो. अभियंते एरिक फॉसम यांच्या क्वांटा इमेज सेन्सरमध्ये (एकेक फोटॉन मोजणाऱ्या कॅमेरा-सेन्सरमध्ये) हेच लोंढ्याविना साधतात : वाचनाच्या टोकाची धारकता (कपॅसिटन्स) कमी करतात. ती १ फेम्टोफॅरड असेल तर एक इलेक्ट्रॉन १६० मायक्रोव्होल्टची उडी देतो, निम्मी केली की ३२०.