आधी मोकळे आठवडे ठरव, मग टूर्नामेंट

हाय बाळा,

तुझा मेसेज नीट वाचला. टेनिसमधलं ज्युनियर संपलं, आता फुल टाइम प्रो, आणि सलग तीन आठवडे पहिल्याच राउंडला बाहेर, त्यामुळे तू विचारतेयस की सर्व्ह बदलू का, रॅकेट बदलू का. सर्व्हचं तुझे कोच बघतील, ते रोज तुला बघतात. रॅकेटला सध्या हात लावू नकोस. मला काळजी वाटतेय ती तू पाठवलेल्या यादीची. सलग अकरा आठवडे टूर्नामेंट आणि मध्ये एकही आठवडा मोकळा नाही, हे बघून खरंच धस्स झालं.

ही घाई कुठून येते ते कळतं मला. रँकिंग 52 आठवड्यांचं, आज कमावलेला पॉईंट पुढच्या वर्षी गळून पडणार, आणि यादीत नाव लागायलाच तीन टूर्नामेंटमध्ये पॉईंट हवेत नाहीतर एकूण 10 तरी हवेत, मग सगळ्या मुली जिथे एंट्री लागेल तिथे पळत सुटतात. पण हिशोब बघ ना. डब्ल्यू15, म्हणजे प्रोमधली सगळ्यात खालच्या पायरीची टूर्नामेंट, जिंकणारीला 15 पॉईंट मिळतात आणि मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य स्पर्धेची, पहिली मॅच हरणारीला शून्य. दमलेल्या अंगाने पाच ठिकाणी जाऊन पाच शून्य आणण्यापेक्षा दोनच ठिकाणी फ्रेश जा आणि शुक्रवार-शनिवारपर्यंत टिक. शिवाय सिंगल्सचे फक्त बेस्ट 18 रिझल्ट धरतात, त्यामुळे तिसावी टूर्नामेंट खेळून बहुतेक वेळा थकवाच वाढतो.

दुसरी गोष्ट लेव्हलची. यादीत तू वरच्या पायरीच्या डब्ल्यू50 आणि डब्ल्यू75 च्या क्वालिफाइंगला, म्हणजे मेन ड्रॉआधीच्या पात्रता फेरीला, बऱ्याच एंट्री टाकल्यायत, कारण तिथे पॉईंट जास्त आणि चांगल्या प्लेयर भेटतात. अधूनमधून जा, जरूर जा, आपण कुठे कमी पडतोय ते तिथेच कळतं. पण दर आठवड्याला रविवारी एक मॅच हरून बॅग भरायची सवय लागली ना, तर सेट पॉईंटवर, 5-4 ला सर्व्ह करताना, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये काय करायचं हे शिकणार कधी? ते प्रॅक्टिसमध्ये येत नाही, मॅच जिंकत जिंकतच येतं. माझं मत स्पष्ट आहे, सध्या तुझे बहुतेक आठवडे डब्ल्यू15 आणि त्याच्या वरच्या डब्ल्यू35 लाच असावेत, तीनपैकी दोन मॅच तू जिंकायला लागलीस की वर सरक. लोक म्हणतील अजून इथेच खेळतेय का, म्हणू देत.

आणि प्लीज दर आठवड्याला देश आणि कोर्ट बदलू नकोस. या आठवड्यात क्ले म्हणजे मातीचं कोर्ट, पुढच्या आठवड्यात हार्ड म्हणजे कडक कोर्ट, परत क्ले, त्यात प्रत्येक ठिकाणी बॉल वेगळे, यात खांदा आणि मनगट आधी बोलायला लागतं. ट्युनिशियातलं मोनास्टिर, तुर्कीतलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख अशा ठिकाणी एकाच क्लबवर लागोपाठ आठवडे आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, टूर्नामेंट होतात, म्हणून तर इतके जण तिथे तळ ठोकून बसतात. तीन आठवडे एकाच जागी राहिलीस की विमानाचा खर्च वाचतो, झोप नीट होते, कोर्ट ओळखीचं होतं. डब्ल्यू15 चं सगळं मिळून बक्षीस 15 हजार डॉलर, ते सिंगल्स डबल्सच्या सगळ्यांत वाटलं जातं, तेव्हा सुरुवातीला पैसे कमावण्यापेक्षा ते किती आठवडे पुरवायचे हाच प्रश्न असतो.

एकाच जागी राहण्याचा आणखी एक फायदा असा की मंगळवारी हरलीस तरी आठवडा हातातून जात नाही. मला माहितीय हरल्यावर काय होतं, मुलगी रूमवर जाते, पडदे ओढते, फोन उघडते आणि बेटिंगमध्ये पैसे गमावलेल्या अनोळखी लोकांनी इन्स्टावर दिलेल्या शिव्या वाचत बसते. असले मेसेज तुलाही येणार, कारण या लेव्हलच्या मॅचवरही लोक पैसे लावतात. उत्तर देऊ नकोस, स्क्रीनशॉट काढ, रिपोर्ट कर, आणि मॅचच्या दिवशी इन्स्टाचं लॉगिन कोचकडे नाहीतर आईकडे देऊन टाक. कोणी मॅच मुद्दाम हरायला किंवा तुझ्या दुखापतीची आतली बातमी द्यायला पैसे देऊ केले तर लगेच आयटीआयएला, म्हणजे टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या संस्थेला, कळव, नुसतं गप्प राहणंसुद्धा नियमभंग धरतात. मग बुधवारी सकाळी खाली जा, तुझ्यासारख्याच हरलेल्या कोणाला तरी विचार, तासभर मारूया का. कालच्या मॅचमध्ये जो शॉट तुटला तेवढाच मार, बाकी काही नाही. आणि डबल्स सोडू नकोस गं, तिथे रिटर्न आणि नेटवरचा हात सुधारतो आणि आठवडाभर मॅचच्या ताणाची सवय राहते.

मोकळ्या आठवड्यांची भीती घालव. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती 1990 मध्ये 14 वर्षांची असताना फ्रेंच ओपनच्या सेमीफायनलला गेली, आणि काही वर्षांतच तिला खेळ सोडून लांब जावं लागलं, नंतर 2001 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली ती परत येऊन. त्या काळातल्या अशाच अनुभवांमुळे लहान मुलींनी वर्षाला किती टूर्नामेंट खेळायच्या यावर 90 च्या दशकात बंधनं आली. ऑस्ट्रेलियाची ॲश बार्टी तर 2014 नंतर टेनिस सोडून चक्क क्रिकेट खेळायला गेली होती, 2016 ला परतली आणि सिंगल्सचे तीन ग्रँड स्लॅम जिंकली. तुला वर्षभराची सुट्टी घे म्हणत नाहीये मी, पण 18 पूर्ण झाली की वयाचा नियम तुला अडवत नाही, आता लगाम तुलाच धरायचाय.

म्हणून आता असं कर. पुढच्या सहा महिन्यांचं कॅलेंडर नव्याने बनव. आधी दर तीन टूर्नामेंटनंतर दोन आठवडे कोरे सोड, पहिला आरामाचा, दुसरा ट्रेनिंगचा, आणि मगच टूर्नामेंट भर. विथड्रॉवलच्या, म्हणजे नाव मागे घेण्याच्या, डेडलाइन बाजूला लाल पेनने लिही, उशीर झाला की दंड बसू शकतो. रविवारी रात्री मला पाठव, आपण कॉलवर बसू, कोचनाही घे.