काल्मार संघ टिकला असता तर उत्तर युरोपचा इतिहास कसा झाला असता?

काल्मार संघ म्हणजे एकाच राजाखालची डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तीन राज्यं. तो टिकला असता तर, या प्रश्नावर बहुतेक लोक थेट नोव्हेंबर 1520 गाठतात. राजा क्रिस्तियान दुसऱ्याने स्टॉकहोममध्ये ऐंशीहून जास्त सरदार, बिशप आणि नागरिकांची मुंडकी उडवली. ती उडवली नसती तर डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एकत्र राहिले असते, असं म्हणतात. मला नाही पटत. तोवर या घराचे वासे कधीच पोखरले होते.

मुळात लग्नाची वरात जोरात आणि याद्या कच्च्या, असा तो मामला. 1397 मध्ये राणी मार्गारेटने बहिणीचा नातू एरिक याला काल्मारला राज्याभिषेक करवला. त्या सोहळ्याचं पत्र चर्मपत्रावर, खाली 67 मोहरा. तिन्ही राज्यांनी एकत्र कसं नांदायचं ते ठरवणारा करार मात्र साध्या कागदावर. त्यात नावं सतरा जणांची, मोहरा दहाच.

तरी मी इतिहास वळवेन तो 1425 च्या सुमारास. एरिकने डेन्मार्कच्या दक्षिणेच्या श्लेस्विगसाठी होलश्टाइनच्या काउंटांशी भांडण उकरलं होतं, 1426 मध्ये हान्सा या व्यापारी संघातली उत्तर जर्मन शहरंही त्याच्यावर उलटली. त्यांनी समुद्र अडवला. स्वीडनचं लोखंड आणि तांबं बंदरात पडून, बाहेरचं मीठ येईना, वर लढाईचा कर वसूल करायला डॅनिश अंमलदार दारात. 1434 मध्ये स्वीडनच्या डालार्ना भागातले खाणवाले एंगेलब्रेक्टच्या मागे उठले ते यामुळे.

समजा, एरिकने श्लेस्विगचा नाद सोडला. ओरेसुंडची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम चार किलोमीटर, दोन्ही काठ त्याचेच. 1429 च्या सुमारास त्याने तिथे जकात बसवलीच होती. तीच तिन्ही राज्यांच्या खजिन्यात टाकायची आणि स्वीडनमध्ये स्वीडिश अंमलदार नेमायचे. (खऱ्या इतिहासात गादी गेल्यावर हा गडी गॉटलंड बेटावरून जहाजं लुटत बसला!) हान्साचं म्होरकं शहर लुबेक शत्रू नाही, म्हणजे स्वीडनला संघातून फोडणाऱ्या गुस्ताव वासाला 1522 मध्ये तिथून मिळालेली जहाजं आणि पैसाही नाही. फिनलंड (तेव्हा स्वीडनचाच भाग) संघातच, त्यामुळे मॉस्कोची डोकेदुखी कोपनहेगनला. 1658 मध्ये ओरेसुंडच्या पूर्व काठावरचा डॅनिश स्कोन प्रांत स्वीडनकडे जात नाही; तिथल्या माल्मोचे लोक आजही डॅनिश बोलतात.

नॉर्वेचं मात्र माझ्या या जगातही फार काही बदलत नाही. 1349 च्या प्लेगने तिथली सरदार घराणी इतकी खंगली होती की कोपनहेगनशी भांडायला माणसंच उरली नव्हती.